सल्लागार, मुक्काम पोस्ट क्लेटन

मी एका देशाच्या सरकारला सल्ला दिलेला आहे. आपल्या नव्हे, परक्या. ही गोष्ट मी उगाच कुणाला सांगत नाही. म्हणजे सांगायला घेतो, पण ऑस्ट्रेलियाचं नाव काढून मी जरा सावरून बसतो न बसतो तोच आमची ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि "अहो, त्यांना आधी ते डब्यांचं सांगा" म्हणते, की मग देश राहतो बाजूला, डबे येतात पुढं आणि पाहुणे डोळे पुसत, हसत घरी जातात. आज ती भिशीला गेली आहे. साडेसहाशिवाय यायची नाही. तेव्हा बसा निवांत. चहा मी केलाय, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

तर २०१८ सालचा जानेवारी. लेकीला मुलगी झाली होती आणि बाळंतपणाला आईला बोलावणं आलं होतं. न्यायच्या सामानाची यादी हिनं केली, तीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची दुपटी, जायफळ, वेखंड आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'हे' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मेलबर्नच्या विमानतळावर लाडवांची चौकशी दहा मिनिटं झाली. माझी दोन.

लेक राहते क्लेटनला. मेलबर्न शहराच्या आग्नेयेला वीसेक किलोमीटरवरचं उपनगर. क्लेटन रोडवर फिरलात तर मेथीची जुडी मिळते, कढीपत्ता मिळतो, इडलीचं पीठ मिळतं, आणि दर तिसऱ्या माणसाकडं बघून आपल्याला वाटतं की याला सांगलीच्या स्टँडवर पाहिलंय. त्या वर्षी तिथलं रेल्वेफाटक काढून रूळच्या रूळ खांबांवर चढवायचं काम चाललं होतं. कॉलफील्डपासून डँडेनाँगपर्यंतची नऊ फाटकं काढायची होती. बाळंतिणीच्या घरात पुरुषाला तसं काही काम नसतं, आणि असलं तरी मला कुणी सांगत नाही. मग मी सकाळी उठून ते बांधकाम बघायला जायचो. एकदा एक क्रेनवाला भलामोठा तुकडा हलवत होता, त्याला मी आपला सवयीनं हात करून "येऊ द्या, येऊ द्या, बास" असं केलं. तो आला नाही. नारिंगी जाकीट घातलेली एक मुलगी आली आणि तिनं मला दंडाला धरून, फार प्रेमानं, पट्टीच्या पलीकडं नेऊन ठेवलं.

ही माझी ऑस्ट्रेलियातली पहिली सल्लागारी.

दुसरी टोपीमुळं झाली. फाटकाशी जायची बंदी झाल्यावर (लेकीकडून, त्या नारिंगी मुलीचा दोष नाही) मी मोनॅश विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाऊ लागलो. तिथं मेन्झीज बिल्डिंग नावाची एक उंच, लांबलचक इमारत आहे आणि तिच्या पायथ्याशी वारा असा सुटतो की माणसानं एक हात डोक्यावर आणि एक धोतरावर ठेवावा. मी पँटमध्ये होतो, म्हणून निष्काळजी राहिलो. जावयांनी दिलेली उन्हाची टोपी उडाली, गवतावरून गडगडत एका इमारतीच्या दाराशी गेली, मी मागं, दार आपोआप उघडलं, टोपी आत, मी आत, आणि समोर टेबलावर त्रिकोणी सँडविचं मांडलेली. टेबलामागच्या मुलीनं विचारलं, कार्यक्रमाला आलात का? मी सँडविचांकडं पाहिलं आणि हो म्हटलं.

तिनं वही पुढं केली. नाव, आणि कुठून आलात. मी लिहिलं, 'महाराष्ट्र शासन, आकडेवारी'. पुढं 'निवृत्त' हा शब्द लिहायचा होता, पण रकाना संपला. आता माझं ऐका. चौतीस वर्षं मी एका जिल्ह्याच्या कचेरीत तक्ते भरले आहेत. विहिरी, कोंबड्या, शिलाई यंत्रं, बैलगाड्या, जे जे मोजता येतं ते मोजलं आहे, आणि या सगळ्यातून मी एकच विद्या शिकलो ती ही, की शब्द रकान्यात बसत नसेल तर रकाना मोठा करायचा नसतो, शब्द गाळायचा असतो. मी शब्द गाळला.

आत व्याख्यान चालू होतं. पडद्यावर सतरा रंगांचं एक चाक, जत्रेतल्या भिंगरीसारखं. हळूहळू उलगडा झाला तो असा: संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत २५ सप्टेंबर २०१५ ला १९३ देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत जगाचं भलं करायचं. त्यासाठी १७ ध्येयं, आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं. आपल्याकडं कागदोपत्री याला 'शाश्वत विकास ध्येये' म्हणतात. त्याआधी २००० सालापासून आठच ध्येयं होती आणि ती मुख्यतः गरीब देशांसाठी होती. श्रीमंतांनी पैसे द्यायचे आणि उपदेश करायचा. आता मात्र उपासमार आणि शौचालयं यांच्या शेजारी वीज, कचरा, शहरं, समुद्र, हवामान, विषमता असं सगळं आल्यामुळं श्रीमंत देशांनाही परीक्षेला बसणं भाग होतं. देशानं आपलं प्रगतिपुस्तक आपणच लिहायचं आणि न्यूयॉर्कला जाऊन सगळ्यांसमोर वाचायचं. ऑस्ट्रेलियाची पहिली पाळी त्याच वर्षी जुलैत होती. आपण, म्हणजे भारत, २०१७ मध्येच वाचून आलो होतो.

हे कळल्यावर मी खुर्चीत जरा पुढं सरकलो. एका इयत्तेनं का होईना, आपण सीनियर.

या विद्यापीठात शाश्वत विकासाची एक संस्थाच आहे आणि देशानं ही ध्येयं कशी गाठायची, कुठवर आलो, हे मोजायचं आणि सांगायचं काम ती करते. तिचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन थ्वेट्स हे व्हिक्टोरिया राज्याचे माजी उपमुख्यमंत्री. १९९९ ते २००७ अशी आठ वर्षं उपमुख्यमंत्री राहिलेला माणूस, पाणीखातं सांभाळलेला, आणि नंतर साखर कारखाना नाही, दूध संघ नाही, शिक्षणसंस्था काढली नाही; ध्येयं मोजत बसला. मला हे नीट पचायला दोन सँडविचं लागली.

आणि त्याच वेळी सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी वहीत पाहून जाहीर केलं की आज आपल्यात महाराष्ट्र शासनाचे आकडेवारीचे पाहुणे आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मराठी माणसाला दोन शब्द बोला म्हटलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी संत गाडगेबाबांपासून सुरुवात केली. त्यांचा खराटा, त्यांच्या नावानं आर. आर. आबांनी काढलेलं ग्रामस्वच्छता अभियान, गावागावांत लागलेली चढाओढ. मग नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार: पोपटराव पवारांनी गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला कसं लावलं, पाऊस किती पडला ते आधी मोजायचं आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं, शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही. सांगलीच्या माणसानं परदेशात जाऊन ऊस लावू नका असं सांगणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला कळलं नाही म्हणून वाचलो. सगळं छान चाललं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण समोरचे लोक माना डोलावत होते, आणि समोरच्यानं मान डोलावली की माझा पाय घसरतो.

मी शेळीची गोष्ट सांगितली.

ती अशी. शौचालयांच्या पाहणीला मी एका गावात गेलो होतो. एका घरामागं नवं कोरं शौचालय, दाराला निळा रंग, वर पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, आत बांधलेली शेळी. शेळीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडात शेवरीचा पाला होता. तिचं आणि शौचालयाचं इतकं जमलेलं होतं की मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी दार पुन्हा लोटून घेतलं. तक्त्यात प्रश्न होता, 'शौचालय वापरात आहे काय? होय किंवा नाही.' घरमालक म्हणाला, रोजच्या वापरात आहे की साहेब. खोटं काय होतं त्यात? मी 'होय' लिहिलं. इंग्रजीत ही गोष्ट सांगताना 'आत शेळी होती' याचं माझ्या तोंडून 'शेळीसाठी होतं' असं काहीतरी झालं असावं, कारण कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि नंतर मला गाठून विचारलं की पशुपालन आणि स्वच्छता यांची ही सांगड इतर जिल्ह्यांत कितपत पसरली आहे.

मी म्हटलं, हळूहळू.

निघताना त्यांनी मला त्या रंगीत चाकाची एक टाचणी कोटाला लावायला दिली. कोट नव्हता, स्वेटरला लावली. आणि त्याच मुलीनं जाता जाता सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या सिनेटनं डिसेंबरात एका समितीकडं हा विषय सोपवला आहे, ध्येयांबाबत देशानं काय करावं यावर समिती लेखी निवेदनं मागवते आहे, आणि निवेदन कुणीही पाठवू शकतं.

कुणीही! तुम्ही विचार करा. ज्या माणसानं जन्मभर कुणी न विचारता सल्ले दिले, लग्नात आचाऱ्याला दिले, दवाखान्यात शेजारच्या पलंगावरच्या पेशंटला दिले, एसटीत चालकाला दिले आणि त्यापायी एकदा तासगावच्या अलीकडं उतरून चालत आला, त्या माणसाला एक आख्खं सरकार म्हणतंय, बोला.

घरी येऊन मी फूलस्केप कागद मागितले. त्या घरात फूलस्केप कागद नव्हता; जावयांनी प्रिंटरचे काढून दिले. पुढचे नऊ दिवस मी लिहीत होतो. 'विषय: शाश्वत विकास ध्येयांची अंमलबजावणी. संदर्भ:' आणि संदर्भाला काही नव्हतं म्हणून 'समक्ष चर्चा' लिहिलं. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' इथून जे निघालो ते त्रेचाळिसाव्या पानावर टेकलो. मार्चअखेर पाठवायचं ठरवलं होतं. दुसरी तारीख मला माहीत नाही. आमच्या खात्यात वर्षातले अकरा महिने मार्चअखेरची वाट बघण्यात जायचे.

लेकीनं बाळाला मांडीवर थोपटत पहिली पाच पानं वाचली आणि म्हणाली, "बाबा, इथवर नुसतं 'उपरोक्त'च आहे." मग आणखी दोन पानं वाचून म्हणाली, "तुम्ही देशाला जे करायला सांगताय, त्यातलं आपण घरात काय करतो?"

लेकीला शिकवू नये असं म्हणणाऱ्यांच्या मी कायम विरोधात होतो. त्या दिवशी पाच मिनिटं त्यांच्या बाजूनं झालो.

पण मी डगमगलो नाही. म्हटलं, ठीक, घरात पथदर्शी प्रकल्प करू. फ्रिजच्या दारावर सतरा रकान्यांचा तक्ता लावला आणि जावयांच्या ऑफिसातल्या चिकटचिठ्ठ्या आणल्या: झालं की हिरवी, चाललंय तर पिवळी, बिघडलं की लाल. ही म्हणाली, "फ्रिजवरचं बाळाच्या डोसाचं कार्ड कुठं गेलं?" तिथं पहिली लाल लागली.

सहावं ध्येय, पाणी. हे आपलं घरचं मैदान. दुष्काळी जत तालुक्याची हवा खाल्लेला माणूस मी, अर्ध्या बादलीत आंघोळ करून उरलेल्यात टॉवेल धुतो. मी शॉवरखाली बादली ठेवली आणि ते पाणी मागच्या लिंबाला घालायला निघालो, मनात म्हणत की हा महाराष्ट्राचा शोध आता ऑस्ट्रेलियाला द्यायचा. कुंपणापलीकडं शेजारच्या ग्रीक आजी उभ्या होत्या. त्यांनी माझी बादली पाहिली, आत गेल्या आणि स्वतःची घेऊन आल्या. निळी, कान तुटलेली, तारेनं बांधलेली. मग त्यांनी हातवारे करून आणि मोडक्या इंग्रजीत, जे माझ्या इंग्रजीला नेमकं जुळायचं, सांगितलं की इथं मोठा दुष्काळ पडला होता, १९९७ पासून २००९ पर्यंत. बागेला नळी लावायला बंदी, गाड्या धुवायला बंदी, आणि २००८ मध्ये सरकारनं माणशी दिवसाला १५५ लिटरचं लक्ष्य देऊन टाकलं. आख्खं मेलबर्न बादली घेऊन न्हाणीघरात उभं होतं. आजींची बादली तेव्हाची. एवढं सांगून त्यांनी माझ्या बादलीत वाकून वास घेतला, साबणाचा फेस बोटानं उचलून मला दाखवला, लिंबाकडं बोट केलं आणि मान हलवली.

मी सल्ला द्यायला गेलो होतो. घेऊन आलो.

सातवं ध्येय, ऊर्जा. घरात सतरा ठिकाणी बारीक लाल-हिरवे दिवे रात्रभर जळत असतात, हे माझ्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मी रात्री उठून एकेक बटण बंद करत गेलो, सावकाश, पायांचा आवाज न करता, चोरासारखा. गॅरेजात एक बटण होतं, तेही बंद केलं. सकाळी कळलं की ते मोठ्या फ्रीझरचं होतं, आणि आत होळीच्या म्हणून, दोन दिवस राबून केलेल्या, लेकीच्या मैत्रिणींकडं पोचवायच्या, बटरपेपरात दोन दोन गुंडाळून ठेवलेल्या अडतीस पुरणपोळ्या होत्या. त्या आता नरम पडून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. टाकायच्या म्हटलं तर बाराव्या ध्येयाचं तिसरं लक्ष्य आडवं येतं: अन्नाची नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची. मग खाल्ल्या. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. जावई संस्कारी, एका शब्दानं बोलले नाहीत, नऊ खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत. माझी साखर लेकीनं मोजली आणि ते यंत्र दोनदा पुसून पुन्हा मोजली. व्याख्यानात सांगितलं होतं की ही ध्येयं एकमेकांत गुंतलेली आहेत, एकीकडं ओढलं की दुसरीकडं उसवू शकतं. तेव्हा मी सँडविच खात होतो, नीट ऐकलं नाही. फ्रिजवर सातव्याला हिरवी चिठ्ठी होती आणि तिसऱ्याला, म्हणजे आरोग्याला, लाल.

आता पाचवं ध्येय. हे मी गाळून पुढं जाणार होतो, पण ही भिशीला गेलेली असताना गाळलं तर भ्याडपणा होईल. स्त्री-पुरुष समानता. त्यात चौथं लक्ष्य असं आहे की घरातलं जे बिनपगारी काम असतं, रांधणं, धुणं, मुलं-म्हातारी सांभाळणं, ते काम म्हणून ओळखायचं, आणि मोजायचं. कोण किती वेळ करतं ते. मोजायचं म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. मी वही घेतली, जुनं मनगटी घड्याळ घेतलं आणि एक आख्खा दिवस हिच्या मागं मागं फिरलो. पहाटे ५.१०, बाळाचं दूध. ५.४०, बाळंतिणीचा शेक. ६.१५, चहा. ६.२०, चहा मला नेऊन देणं. ६.३५, 'कप उचलणं (माझा)'. अकरा वाजेपर्यंत माझा पाय दुखायला लागला. दोनला मी जरा आडवा झालो आणि उठलो तेव्हा चार वाजले होते, म्हणून त्या दोन तासांची नोंद अंदाजानं केली. रात्री बेरीज मारली: ही, अकरा तास वीस मिनिटं. मी, तेवीस मिनिटं. आणि ती तेवीसही मी ओढूनताणून केली होती. त्यात 'वर्तमानपत्र घडी करणे' होतं आणि 'बाळाकडे पाहणे' होतं.

हिनं वही वाचली. काही बोलली नाही, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. अशा वेळी बोलणाऱ्या बायका परवडतात.

नंतर २०१९ मध्ये आपल्या सरकारनंही देशभर अशी वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात सरासरी दिवसाला २९९ मिनिटं देतात असं निघालं, आणि घरकाम करणारे पुरुष ९७. ते ९७ मिनिटं काम करणारे पुरुष कोण आहेत आणि कुठं राहतात, हे मला जाणून घ्यायचं नाही. हिला त्यांचा पत्ता लागू नये एवढंच.

त्यात पुन्हा त्याच आठवड्यात, सोमवारी १२ मार्चला, तिथं कामगार दिनाची सुट्टी आली. जावयांनी उत्साहानं माहिती दिली की १८५६ साली याच मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास मन रमवायला. ही कणीक मळत होती. मळता मळता तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी त्यातली शेवटची दोन कलमं बारा बारा तास पाळतो, हे मोजायला वही लागत नव्हती.

निवेदनाचं काय झालं? लेकीनं एका रात्री बाळ झोपल्यावर त्रेचाळीस पानांना कात्री लावली. गाडगेबाबा गेले, कारण संदर्भ समजावायला सहा पानं लागत होती. हिवरे बाजार दोन ओळींत राहिलं. शेळी गेली; मी फार भांडलो. शेवटी उरली दीड पानं, आणि त्यात मध्यभागी चौकटीत तो तक्ता: अकरा तास वीस मिनिटं, तेवीस मिनिटं. "बाबा, एवढंच एक तुम्ही खरं मोजलंय," लेक म्हणाली. दुपारच्या त्या दोन तासांबद्दल मी तिला सांगितलं नाही. अशा रीतीनं ऑस्ट्रेलियाच्या संसदेला मी जो सल्ला दिला तो एवढाच, की मी घरात काही करत नाही.

उत्तर आलं. आपला पत्रव्यवहार मिळाला, आभारी आहोत, अशा अर्थाच्या तीन ओळी. मी त्याची प्रत काढून लॅमिनेट केली आहे, तुमच्या मागं भिंतीवर आहे ती. समितीचा अहवाल पुढल्या वर्षी फेब्रुवारीत आला. लेकीनं त्याचा दुवा पाठवला तेव्हा मी सायबर कॅफेत जाऊन शेवटची परिशिष्टं आधी उघडली, कारण नावं तिथं असतात हे मला अनुभवानं माहीत आहे. माझं नव्हतं. शेळीही नव्हती.

सहा वाजले. आता ती यायच्या आत डब्यांचं सांगून टाकतो, नाहीतर ती रंगवून सांगेल.

क्लेटनच्या आमच्या गल्लीत कचऱ्याचे तीन मोठे चाकांचे डबे असत. साध्या कचऱ्याचा दर आठवड्याला बाहेर ठेवायचा. पिवळ्या झाकणाचा, म्हणजे कागद-बाटल्या-डबे यांचा, आणि हिरव्या झाकणाचा, पालापाचोळ्याचा, हे एक आठवड्याआड, आलटून पालटून. आदल्या रात्री रस्त्याच्या कडेला ठेवायचे, पहाटे गाडी येते, तिचा लोखंडी हात डबा उचलतो, उलटा करतो आणि परत ठेवतो. हे काम जावई करायचे. पण त्या तेवीस मिनिटांनंतर मी जाहीर केलं की डबे आजपासून माझ्याकडं. त्यातून त्या साली या पिवळ्या डब्याला देशाचं महत्त्व आलं होतं. बाहेरचा बराचसा कचरा चीननं जानेवारीपासून घ्यायचं थांबवलं होतं आणि आता आमच्या या बाटल्या-पुठ्ठ्यांचं करायचं काय, यावर व्हिक्टोरियात डोकी लढत होती. मी विचार केला. सोमवारी सुट्टी झाली, म्हणजे सगळंच एकेक पुढं गेलं असणार. आपल्याकडं बँकेचं जातं तसं. मी बोटांवर हिशेब केला, आणि संध्याकाळी साडेपाचलाच, गल्लीत सगळ्यांच्या आधी, स्वेटरवर ती सतरा रंगांची टाचणी लावून, मी पिवळा डबा मोठ्या रुबाबात ओढत नेऊन कडेला लावला.

आता मला कुणी सांगितलं नव्हतं की या आठवड्यात कुठला डबा, हे त्या गल्लीत कुणालाच कधी आठवत नसतं. सगळे पहिला डबा कुणाचा आणि कुठल्या रंगाचा हे बघतात आणि तोच बाहेर काढतात. मी खिडकीतून पाहिलं. सातपर्यंत समोरच्या व्हिएतनामी कुटुंबाचा पिवळा आला. मग पलीकडच्या पंजाब्यांचा. मग ग्रीक आजींचा, ज्या तीस वर्षं त्या घरात राहत होत्या. रात्री आठला रस्त्याच्या दोन्ही कडांना अकरा पिवळी झाकणं ओळीनं उभी होती, परेडला उभी राहावीत तशी. मी हिला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ, याला अंमलबजावणी म्हणतात.

पहाटे गाडी आली, साधे डबे तेवढे उलटे करून गेली. थोड्या वेळानं पालापाचोळ्याची आली आणि त्या पिवळ्या रांगेवरून न थांबता पुढं निघून गेली. आठवडा हिरव्याचा होता. त्या पिवळ्यात, आमच्यापुरतं बोलायचं तर, बाळाच्या पाळण्याची, बाबागाडीची आणि औषधांची खोकी ठासून भरलेली होती. इतरांच्यात काय काय होतं ते पुढचा आठवडाभर वाऱ्यावर गल्लीत फिरत होतं. आजींचा सगळा पाला त्यांच्या अंगणातच राहिला. मी पाणी घालायला गेलो की त्या कुंपणाशी यायच्या, माझ्या स्वेटरकडं बघायच्या आणि काहीतरी ग्रीकमध्ये म्हणायच्या. मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी लेकीकडून दोनदा खात्री करून घेतली, छापील तक्ता पाहिला, त्यावर जावयांची सही घेतली, आणि पिवळाच डबा, या खेपेला बरोबर असलेला, घेऊन बाहेर आलो. समोरच्या घराचा पडदा हलला. पलीकडचे सरदारजी डब्याचा दांडा धरून निघाले होते, ते मला पाहून थबकले, डबा तिथंच सोडून आत गेले. नऊ वाजेपर्यंत आख्ख्या रस्त्यावर माझा एकटाच डबा. मग जावई चप्पल घालून बाहेर गेले, नुसते त्याच्याशेजारी दोन मिनिटं उभे राहून आले. आणि एकेक फाटक वाजायला लागलं.

ही आली वाटतं, कडी वाजली. तुम्ही एक करा, कप मी विसळून ठेवलेत असं तिला सांगा. मिनिटं मी नंतर वहीत चढवतो.